कोळ्याच्या पिलाचीं दहा वर्षें



ज्वारीच्या दाण्याएवढें शरीर, त्याला केंसासारखे बारीक आठ पाय, आणि रंग म्हणाल तर ओल्या वाळूचा. असा एक जीव लहानशा बाटलींत मातीच्या ढेंकळाआड बसलेला आहे अशी कल्पना करा. मोठेपणीं हाच जीव तळहाताएवढा होणार आहे, त्याच्या काळ्याभोर पायांवर गुडघ्यांपाशीं शेंदरी पट्टे उमटणार आहेत, आणि तो मादी निघाला तर वीस-पंचवीस वर्षें जगणार आहे. परंतु त्या थोरवीला पोंचण्यास त्याला सहा, आठ, क्वचित् दहा वर्षें लागतील. एवढ्या अवधींत त्याला सांभाळणाऱ्या माणसानें काय करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत द्यावयाचें तर 'फारसें कांहीं नाहीं' असें आहे. हें 'फारसें कांहीं न करणें' माणसाला किती जड जातें, आणि तें न साधल्यामुळें काय अनर्थ होतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

टॅरँटुला हें नांव आपल्या कानांना परकें आहे, म्हणून त्याचा उगम प्रथम सांगून टाकतों. दक्षिण इटलींत तारांतो नांवाचें शहर आहे. त्या भागांतील शेतांत आढळणारा एक कोळी चावला म्हणजे माणसानें बेभान होऊन नाचलें पाहिजे, तरच त्याचें विष उतरतें, अशी तेथील लोकांची जुनी समजूत होती. 'तारांतेल्ला' या नृत्याचा संबंध याच समजुतीशीं लावतात. तो बिचारा कोळी निराळ्याच कुळांतला होता, आणि त्याचा दंश लोक समजत तितका भयंकर मुळींच नव्हता. पुढें युरोपांतील लोक अमेरिकेंत गेले. तेथील केंसाळ व धिप्पाड कोळी पाहून त्यांना आपल्या देशांतला हा बागुलबुवा आठवला, आणि नांव नव्या धन्याकडे गेलें. आज शास्त्रज्ञ ज्या कुळाला थेराफोसिडी म्हणतात, त्यांतील हजाराहून अधिक जातींना सर्रास टॅरँटुला म्हटलें जातें. आपल्या पश्चिम घाटांतही या कुळांतले कोळी आहेत. त्यांच्याविषयीं पुढें ओघानें येईलच.

मी मुख्यतः ज्याच्याविषयीं बोलणार आहें, तो मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तांबड्या गुडघ्यांचा टॅरँटुला होय. कोलिमा, हालिस्को, मिचोआकान व गेरेरो या प्रांतांत, पॅसिफिक महासागराकडे उतरणाऱ्या डोंगरांवर पानगळीचें अरण्य आहे. वर्षांतले चार-पांच महिने पाऊस, आणि उरलेल्या काळांत निष्पर्ण झाडें व तापलेली माती; आपल्याकडील घाटमाथ्याच्या पूर्वेस राहणाऱ्या माणसाला हा देखावा फारसा अपरिचित वाटणार नाहीं. तेथें झाडांच्या मुळांशीं किंवा दगडांखालीं बीळ करून हा कोळी राहतो. १८९७ सालीं पिकार्ड-केंब्रिज या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन करून त्याला 'स्मिथी' हें नांव दिलें. आज तो ब्रॅकिपेल्मा या प्रजातींत मोडतो. बरोबर शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, जवळजवळ त्याच रंगरूपाची 'हामोरी' ही दुसरी जाती वेगळी काढण्यांत आली. आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका बारकाईच्या अभ्यासानें असें दाखविलें कीं, लोक इतकीं वर्षें ज्यांना स्मिथी म्हणून पाळीत आले, त्यांपैकीं बहुतेक कोळी हामोरीच होते. ज्यांनीं वीस वर्षें एक प्राणी सांभाळला, त्यांना त्याचें नांवच चुकीचें असल्याचें कळलें. प्राण्याला अर्थात् त्याचें कांहीं वाटलें नसावें.

या कोळ्याची वाढ इतकी मंद कां, हें समजल्याशिवाय त्याच्या संगोपनांतला कोणताही नियम नीट समजणार नाहीं. कोळ्याच्या शरीराला आंतून हाडें नसतात. बाहेरचें कठीण कवच हाच त्याचा सांगाडा. हें कवच ताणत नाहीं. म्हणून जुनें कवच टाकून देऊन, आंतलें नवें कवच कोंवळें आहे तोंवर तें फुगवून घेणें, एवढाच वाढीचा मार्ग त्याला मोकळा असतो. आपण यालाच कात टाकणें म्हणतों. आपल्या घरांतील मुलाची उंची दाराच्या चौकटीवर दर महिन्याला खूण करून मोजतां येते. कोळ्याची वाढ अशी मोजतां येत नाहीं. तो महिनोन् महिने त्याच मापाचा राहतो, आणि मग एका रात्रींत मोठा होतो. पिलूं अगदीं लहान असतांना महिन्या-दोन महिन्यांनीं कात टाकतें. पुढें हें अंतर तीन महिने, सहा महिने असें लांबत जातें, आणि पूर्ण वाढलेली मादी वर्षांतून एकदां, कधीं दोन वर्षांतून एकदां कात टाकते. पहिलें वर्ष सरतें तेव्हां, पाय पसरून बसलेलें पिलूं आपल्या रुपयाच्या नाण्याखालीं झांकलें जाईल, एवढेंच असतें.

शिवाय या प्राण्याचा संसार अत्यंत काटकसरीचा. तो भक्ष्यामागें धांवत नाहीं; बिळाच्या तोंडाशीं बसून राहतो, आणि जें जवळून जाईल तें धरतो. पावसाळ्यांत किड्यांची रेलचेल असते, कोरड्या दिवसांत कांहींच नसतें. अशा ठिकाणीं जो थोडक्यांत भागवूं शकेल आणि लांब उपास काढूं शकेल, तोच टिकतो. पूर्ण वाढलेले टॅरँटुला, पाणी मिळत राहिलें तर, अन्नावांचून दोन वर्षांहून अधिक काळ जगल्याच्या नोंदी आहेत. ज्याच्या शरीराचा कारभार इतक्या मंद गतीनें चालतो, त्याची वाढ जलद कशी होणार? सारेच टॅरँटुला असे नसतात, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या देशांतील पीसिलोथेरिया प्रजातीचे, झाडांच्या ढोलींत राहणारे व अंगावर सुंदर नक्षी असलेले कोळी दोन-तीन वर्षांत प्रौढ होतात. तांबड्या गुडघ्यांचा मेक्सिकन कोळी, दक्षिण अमेरिकेंतील ग्रामोस्टोला, आणि संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांतील अफोनोपेल्मा हे मात्र या बाबतींत अगदीं सावकाश चालणाऱ्यांपैकीं होत.

ही मंद गति प्रथम काळजीपूर्वक मोजली ती अशाच एका अफोनोपेल्मावर. अमेरिकेंतील आर्कान्सा विद्यापीठांत डब्ल्यू. जे. बेअर्ग नांवाचे कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते. विषारी म्हणविल्या जाणाऱ्या प्राण्यांचा दंश खरोखर किती विषारी असतो, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. १९२२ सालीं 'ब्लॅक विडो' या कोळ्याचा दंश त्यांनीं मुद्दाम करून घेतला, आणि त्यापायीं त्यांना इस्पितळांत राहावें लागलें. पण माझ्या मतें त्यांचा याहून मोठा पराक्रम निराळाच आहे. त्यांनीं आपल्या प्रांतांतील टॅरँटुला प्रयोगशाळेंत ठेवून वर्षानुवर्षें त्यांच्या कातींच्या नोंदी केल्या, आणि त्यांना प्रौढ होण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, हें दाखवून दिलें. नराच्या जीवनक्रमावरचा त्यांचा लेख १९२८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि टॅरँटुलावरील त्यांचा ग्रंथ १९५८ सालीं. या दोन तारखांमधील तीस वर्षांचें अंतर पाहिलें म्हणजे असल्या अभ्यासाला किती आयुष्य वेंचावें लागतें, याची कल्पना येते. दंश करून घेण्यास एका क्षणाचें धैर्य पुरतें.

हा सारा प्रपंच केवळ कांहीं हौशी लोकांच्या करमणुकीचा असता, तर त्यावर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु या मंद वाढीशीं एका प्राण्याचें अस्तित्व निगडित झालेलें आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंत हे कोळी घरीं पाळण्याची हौस पसरली. कोय लावून आंब्याची वाट पाहणारे थोडे, आणि फळ धरलेलें झाड विकत घेऊं पाहणारे फार. तसेंच येथेंही झालें. पिलाची दहा वर्षें राखण कोण करणार? मेक्सिकोच्या अरण्यांतून पूर्ण वाढलेल्या माद्या बिळांतून काढून पेट्या भरभरून परदेशीं जाऊं लागल्या. यांत हानि किती झाली तें नीट ध्यानांत घ्या. एक मादी एका वेळीं शेंकडों अंडीं घालते हें खरें. पण मुंग्या, सरडे, पक्षी, दुसरे कोळी आणि कोरडी हवा यांच्या तावडींतून सुटून प्रौढपणाला पोंचणारीं पिलें अगदीं विरळा. अशी एक मादी बिळांतून काढली म्हणजे तिची जागा भरून येण्यास आठ-दहा वर्षें लागणार. आणि तिच्याबरोबर तिच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या विणीही गेल्या. उंदीर किंवा ससा अशी तूट एका हंगामांत भरून काढील. या कोळ्याला तें शक्य नाहीं.

म्हणून १९८५ सालीं, धोक्यांत आलेल्या प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत त्याचें नांव घालण्यांत आलें, आणि १९९४ सालीं साऱ्या ब्रॅकिपेल्मा प्रजातीला तें संरक्षण देण्याचें ठरलें. आपल्याकडील पीसिलोथेरिया प्रजातीवरही हीच पाळी आली, आणि २०१९ सालीं तिचा त्याच परिशिष्टांत समावेश झाला. व्यापार त्यामुळें बंद पडला असें नाहीं. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत चेन्नईच्या विमानतळावर जकात अधिकाऱ्यांनीं पोलंडहून आलेलें एक पार्सल उघडलें, तेव्हां त्यांत रुपेरी कागदांत व कापसांत गुंडाळलेल्या १०७ लहान बाटल्या निघाल्या, आणि प्रत्येक बाटलींत एकेक जिवंत कोळी होता. तपासणी करणाऱ्यांना त्यांत ब्रॅकिपेल्माही आढळले. परवान्यावांचून आलेलें तें पार्सल जप्त करून परत पाठविण्याचें ठरलें. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या सुधारणेनें या कराराच्या यादींतील परदेशी प्राण्यांचाही समावेश झाला असून, ते बाळगणाऱ्यावर नोंदणीचें बंधन आलें आहे. तेव्हां माझें भाषण ऐकून कोणीं असा कोळी मागविण्याच्या उद्योगाला लागूं नये. पण ज्या देशांत तो कायदेशीरपणें पाळतां येतो, तेथें अरण्यांतल्या मादीला बिळांतच राहूं द्यावयाचें असेल, तर घरीं उपजलेल्या पिलाची दहा वर्षें राखण करणारे लोक पाहिजेत, हें उघड आहे. ही राखण कशी असते तें आतां सांगतों.

पिलाला मोठें घर देण्याचा मोह प्रथम टाळावा लागतो. ऐसपैस पेटींत तें हरवतें. भक्ष्य एका कोपऱ्यांत आणि तें दुसऱ्या कोपऱ्यांत, अशी दशा होते. औषधाची लहान बाटली किंवा झांकणाचा प्याला त्याला पुरतो. तळाशीं दोन-तीन बोटें माती, झांकणाला हवेसाठीं बारीक भोंकें, आणि बीळ करण्यास सुरुवात म्हणून मातींत काडीनें पाडलेला एक खळगा, एवढीच सामुग्री. मातीचा एक भाग ओलसर ठेवावा, दुसरा कोरडा. पिलूं आपल्याला हवी ती जागा स्वतः निवडतें. लहानपणीं त्याचें कवच इतकें पातळ असतें कीं, शरीरांतील पाणी त्यांतून लवकर उडून जातें. म्हणून प्रौढ कोळ्याला सोसणारी कोरड पिलाला मारक ठरते. उलट सारी माती चिंब केली आणि हवा कोंडली, कीं बुरशी व बारीक किडे माजतात. बाटलीच्या कडेला दोन थेंब पाणी लावून ठेवलें तर पिलूं त्याला तोंड लावून पितें. खोली माणसाला सुखाची वाटेल इतपत उबदार असली, म्हणजे त्यालाही पुरे.

अन्नासाठीं न उडणाऱ्या फळमाशा, नुकते जन्मलेले रातकिडे, अथवा मोठ्या किड्याचा लहान तुकडा द्यावा. पिलूं मेलेलें भक्ष्यही चोखून खातें, ही सोयीची गोष्ट होय. कारण जिवंत किडा पिलाच्या पोटाहून मोठा असला तर कोणी कोणाला खावें हा प्रश्न उभा राहतो. कोळी घन पदार्थ गिळूं शकत नाहीं. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, झालेलें द्रव शोषून घेतो, आणि उरलेला चोथा गोळी करून टाकून देतो. ही गोळी दुसऱ्या दिवशीं चिमट्यानें उचलून घ्यावी. आठवड्यांतून एक-दोन वेळां एवढें केलें कीं काम संपलें. पांच मिनिटेंही लागत नाहींत.

आणि येथेंच खरी अडचण सुरू होते. आठवड्यांतलीं तीं पांच मिनिटें सोडून राहिलेल्या वेळीं माणसानें काय करावें? पिलूं बिळांत असतें. आपण दिवा लावून पाहावें तर मातीशिवाय कांहीं दिसत नाहीं. आणि एके दिवशीं असें होतें कीं, बिळाचें तोंडच दिसेनासें होतें. पिलानें आंतून माती लोटून व तंतु विणून दार बंद केलेलें असतें. दिलेला किडा तसाच फिरत राहतो. एक आठवडा जातो, तीन आठवडे जातात, कधीं दोन महिने जातात. मालकाच्या मनांत येतें : मेलें तर नसेल? भुकेनें, तहानेनें, मातीखालीं गुदमरून? थोडीशी माती दूर सारून पाहिलें तर काय बिघडणार आहे?

पुष्कळ बिघडतें. बंद दार म्हणजे कात जवळ आल्याची खूण होय. त्यापूर्वीं पिलाचें पोट टपोरें होतें, त्यावरची कातडी गडद व तुकतुकीत दिसूं लागते, आणि अन्नावरची वासना उडते. जुन्या कवचाखालीं नवें कवच तयार होत असतें. नव्या सुळ्यांसह, नव्या केंसांसह, डोळ्यांच्या नव्या भिंगांसह. सारी तयारी झाली कीं पिलूं जमिनीवर रेशमाची पातळ चादर विणतें आणि तिच्यावर उताणें निजतें. ज्यानें हें प्रथमच पाहिलें तो हटकून घाबरतो. कारण पाठीवर पडलेला, पाय हवेंत केलेला कोळी पाहून, तो मेला, अशीच कोणाचीही समजूत होईल. पण मरणारा कोळी बहुधा आपल्या पायांवर, पाय पोटाशीं आखडून घेऊन बसतो. उताणा निजलेला मात्र नव्या अंगानें उठण्याच्या खटपटींत असतो. अशा मेलेल्या समजून टाकून दिलेल्या कोळ्यांची गणना कोणीं केलेली नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें.

मग पोटांतील द्रव पुढच्या अंगाकडे लोटला जातो, त्या दाबानें पाठीचें कवच डबीच्या झांकणासारखें उचकटतें, आणि त्या फटींतून कोळी स्वतःला हळूहळू बाहेर काढतो. आठही पाय त्यांच्या जुन्या म्यानांतून एकदम उपसावयाचे असतात. हातमोज्यांतून बोटें काढतांना आपण दुसऱ्या हाताचें साहाय्य घेतों; येथें दुसरा हात नाहीं. थोडेंसें आंखडणें, थोडेंसें ढकलणें, मग बराच वेळ विसावा, असा हा क्रम चालतो. लहान पिलाचें काम तासाभराच्या आंत उरकतें. मोठ्या मादीला कित्येक तास लागतात. या वेळीं बाटलीला बसलेला धक्का, पाहण्यासाठीं उचललेली माती, अथवा दयेपोटीं ओढलेला एखादा पाय प्राणावर बेततो. आपण टाकलेला रातकिडाही या वेळीं घातक. जो काल भक्ष्य होता तो आज या असहाय देहाला कुरतडूं शकतो. म्हणून न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशीं काढून घेण्याचा नियम कधीं मोडूं नये.

कात टाकून झाल्यावरही घाई चालत नाहीं. नवे सुळे प्रथम पांढरे व मऊ असतात, मग तांबूस होतात, आणि काळे झाले म्हणजेच चावण्याजोगे होतात. लहान पिलाला यासाठीं कांहीं दिवस पुरतात, मोठ्या कोळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोंवर पाणी द्यावें, अन्न देऊं नये. एखादा पाय पूर्वी तुटला असेल, तर त्या जागीं नवा, थोडा बारीक पाय आलेला दिसतो, आणि पुढच्या एक-दोन कातींत तो इतरांच्या बरोबरीला येतो. तांबडे गुडघेही असेच कातीकातीनें प्रकटतात. आरंभींचीं कित्येक महिने पिलूं फिकट करड्या रंगाचें, पोटावर एक काळा ठिपका असलेलें, अगदीं सामान्य दिसतें. जें पाहून लोक हा कोळी घेतात तें रूप त्याला पुष्कळ कातींनंतर येतें.

घाई करण्याचे उपाय नाहींतच असें नव्हे. बाटली उबेला ठेवली आणि पिलाला मागेल तितकें अन्न घातलें, तर कातींमधील अंतर कमी होतें, आणि आठ वर्षांचें काम चार-पांच वर्षांत उरकतां येतें. पुष्कळ लोक असें करतातही. परंतु या सवलतीची किंमत मोजावी लागते. उबेनें माती लवकर सुकते, आणि एका दुपारच्या विसरभोळेपणानें पिलूं कोरडें पडतें. वाजवीपेक्षां फुगलेलें पोट जमिनीवर घासतें, व थोड्या उंचीवरून पडलें तरी फुटतें. आणि पोट फुटलें कीं कोळी वांचणें कठीण. शिवाय जो नर लवकर प्रौढ होतो तो लवकरच मरतो, हें या हिशेबांतलें मोठें कलम लोक विसरतात.

नराची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण पालनकर्त्याच्या मनाची खरी परीक्षा तेथें होते. पिलूं नर आहे कीं मादी आहे हें आरंभीं कोणालाही सांगतां येत नाहीं. तें अर्ध्या वाढीला येतें, त्याची टाकलेली कात पाण्यांत भिजवून उलगडतां येते, तेव्हां तिच्या पोटाकडील भागांत आंतल्या बाजूस वीर्य सांठविण्याची लहानशी पिशवी आहे कीं नाहीं, हें भिंगाखालीं पाहावें लागतें. पिशवी असली तर मादी. म्हणजे दोन-तीन वर्षें आपण कोणाला सांभाळीत आहों, हेंच माणसाला ठाऊक नसतें. मादी निघाली तर तिच्यापुढें वीस वर्षें आहेत. प्रौढ झाल्यावरही ती कात टाकीत राहते आणि दर वेळीं नवी होते. नर निघाला तर चार-सहा वर्षांनीं एके दिवशीं त्याची शेवटची कात पडते. पाय लांब व सडपातळ होतात, पुढच्या पायांवर आंकडे येतात, तोंडाजवळच्या दोन हातांसारख्या अवयवांचीं टोंकें फुगीर होतात. आणि जो आजवर बिळांतून हलत नव्हता, तो रात्रंदिवस पेटीच्या भिंतीवरून मादीच्या शोधांत फिरूं लागतो. तेथून पुढें त्याचें आयुष्य वर्षभराचें, फार तर थोडें अधिक. पांच वर्षें ज्या रूपाची वाट पाहिली तें रूप एका वर्षांत नाहींसें होतें. यांत कोणाची चूक नाहीं. एकाच पिशवींतून निघालेल्या भावंडांपैकीं अर्ध्यांच्या वांट्याला हें यावयाचेंच.

ज्याच्याजवळ मादी आहे त्याची प्रतीक्षाही नराबरोबर मीलन झाल्यानें संपत नाहीं. मीलनानंतर अंडीं घालण्यास तिला कित्येक महिने लागतात. आणि तेवढ्यांत तिनें कात टाकली, तर वीर्याच्या पिशवीचें अस्तरही कातीबरोबर बाहेर पडतें, व सारा खटाटोप वायां जातो. मग नवा नर पाहावा, आणि जुना तर तोंवर मेलेला असतो. सर्व कांहीं जुळून आलें तर मादी बिळांत रेशमाची चादर अंथरते, तिच्यावर अंडीं घालते, कडा दुमडून तिचा गोळा करते, आणि तो गोळा पायांत धरून त्याच्यावर बसून राहते. त्या काळांत ती बहुधा कांहीं खात नाहीं, आणि फार त्रास दिला तर स्वतःचींच अंडीं खाऊन टाकते. म्हणून पेटीवर फडकें टाकावें, आणि त्या खोलींत वर्दळ ठेवूं नये. दोन-तीन महिन्यांनीं आंत पांढुरकीं, अंड्यांनाच पाय फुटल्यासारखीं दिसणारीं पिलें तयार होतात. अंड्यांतील बलकाच्या शिदोरीवर जगून आणखी एक-दोन काती त्यांनीं टाकल्या, कीं तीं खाऊं लागतात. पण यापुढें त्यांना एकत्र फार दिवस ठेवतां येत नाहीं, कारण भूक लागली कीं भावंड आणि भक्ष्य यांत तीं भेद करीत नाहींत. तेव्हां इतक्या वर्षांनीं ज्याच्या घरीं ही पिशवी फुटली, त्यानें त्या आठवड्यांतच तीन-चारशें लहान बाटल्या, तितकींच भोंकें पाडलेलीं झांकणें आणि फळमाशांची मोठी पैदास तयार ठेवावी लागते.